चिखलदऱ्याच्या थंडीत अडलेली गाडी

वऱ्हाडातील काळ्या मातीच्या सपाट रानातून उत्तरेकडे निघालेला प्रवासी अकोट, अंजनगाव सुर्जी आणि परतवाडा ही बाजारपेठेची गावे ओलांडतो, तेव्हा सातपुड्याची गाविलगड रांग त्याच्यासमोर निळसर भिंतीसारखी उभी राहते. पुढे धामणगाव गढी आणि मोथा ही गावे घेत रस्ता वळणावळणाने चढतो आणि सुमारे १,१०० मीटर उंचीच्या पठारावर चिखलदरा लागतो. भीमाने कीचकाचा वध करून त्याला ज्या दरीत लोटले ती कीचकदरा, आणि त्या नावाचाच पुढे चिखलदरा झाला, असे येथील लोक सांगतात. महाराष्ट्रात कॉफीचे मळे पाहायचे तर याच डोंगरावर यावे लागते. भोवती मेळघाटाचे सागवान पसरलेले आहे; देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत या जंगलाची गणना झाली.

गावापासून थोड्या अंतरावर गाविलगडाचा किल्ला आहे. दक्षिणेच्या मैदानातून वर पाहणाऱ्याला तो अजिंक्य वाटतो, कारण त्या बाजूला ताशीव कडे आहेत. परंतु १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या सैन्याने हा किल्ला घेतला तो उत्तरेकडून. स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून वाट काढत तोफा ओढून उत्तरेच्या अंगाला आणल्या आणि १५ डिसेंबरला गड पडला. त्यानंतर पंधरा दिवसांनी, ३० डिसेंबरला, पायथ्याजवळच्या सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांशी तह झाला. आज ज्या रस्त्याने अकोल्याच्या मोटारी चिखलदऱ्याला येतात, त्याच रस्त्यावर हे गाव लागते.

मुक्तागिरीचे दर्शन घेऊन परतवाड्यास उतरलेली अनेक जैन कुटुंबे एका रात्रीसाठी चिखलदऱ्याला येतात. अकोल्याचे असेच एक कुटुंब जानेवारीत येथे मुक्कामाला होते. आजोबांनी धान्याच्या अडतीत उभे आयुष्य घालवलेले. आता दुकान मुलाच्या हाती. सोबत सून आणि पुण्यात शिकणारी नात. गाडी डिझेलवर चालणारी, आणि ती चालवणारा गृहस्थ या घरी अकरा वर्षांपासून कामाला. आदल्या दिवशी किल्ला, देवी पॉइंट आणि भीमकुंड पाहून झाले, सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकली आणि सगळे लवकर झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी नातीला बडनेऱ्याहून पुण्याची आगगाडी गाठायची होती. तिच्या परवाला परीक्षा होती.

पहाटे पठारावर थंडी कडक होती. साडेसहाला सामान गाडीत ठेवून झाले, चालकाने किल्ली फिरवली आणि गाडीतून केवळ ‘टक्-टक्-टक्’ असा आवाज आला. दुसऱ्यांदा तोच आवाज, तिसऱ्यांदा किंचित क्षीण.

अशा वेळी चार माणसे गोळा होण्यास वेळ लागत नाही, आणि प्रत्येकाजवळ एकेक उपाय असतो. हॉटेलच्या आवारात शेकोटीभोवती बसलेल्यांपैकी एकाने डिझेल गोठल्याचे निदान केले. दुसऱ्याने सेल्फ मारत राहण्याचा सल्ला दिला. एकदा ना एकदा इंजिन धरेलच. तिसऱ्याला समोरचा उतार दिसत होता. त्याच्या मते गाडी न्यूट्रलमध्ये सोडून वेग आला की दुसरा गिअर टाकायचा, एवढेच काम होते. मुलाने मात्र उपायाऐवजी अपराधी शोधला. तो चालकाकडे वळून म्हणाला, “रात्री गाडीत गाणी लावून बसला असाल. नाहीतर दिवा चालू राहिला असेल. काल चढ चढून आलेली गाडी एका रात्रीत कशी बंद पडते?”

चालकाने मान खाली घातली. “नाही शेठजी,” एवढेच तो म्हणाला.

आजोबा काठी टेकत पुढे आले. “आधी किल्ली काढा,” ते म्हणाले. “मेळ बसत नसेल तर पहिली गोष्ट म्हणजे वहीत नवे आकडे लिहिणे थांबवायचे असते.”

त्यांचे म्हणणे यंत्रशास्त्राला धरूनच होते. स्टार्टर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सेल्फ म्हणतात ती मोटार, फिरताना शेकडो अँपिअर प्रवाह खेचते. दुबळ्या बॅटरीवर पुन्हा पुन्हा सेल्फ मारला की उरलीसुरली शक्ती तर जातेच, पण नेमके काय बिघडले हे सांगणारी खूणही पुसली जाते. एका प्रयत्नात पाच-सात सेकंदांपेक्षा अधिक सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत थोडा अवकाश ठेवावा, हा नियम त्यासाठीच आहे.

न सुरू होणारी गाडी मुकी नसते. कोठे दुखते ते ती आवाजाने सांगते. किल्ली फिरवल्यावर इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल पण पेट घेत नसेल, तर बॅटरी आणि सेल्फ निर्दोष आहेत. इंधन पोहोचत नाही, किंवा पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडत नाही, किंवा किल्लीची सुरक्षा यंत्रणा किल्लीला ओळखत नाही, असे समजावे. एकच ठसठशीत ‘टक्’ होऊन शांतता पसरली आणि दिवे प्रखर राहिले, तर संशय सेल्फवर जातो. काहीच आवाज नाही आणि समोरच्या पट्टीवरचे दिवेही लागत नाहीत, तर बॅटरी पूर्ण उतरलेली असते किंवा तिची तार सुटलेली असते. आणि टक्-टक् अशी सरबत्ती होत असेल, तर सेल्फला जोडणारा रिले प्रत्येक वेळी खेचला जातो आणि दाब कोसळल्याने लगेच सुटतो. म्हणजे वीज आहे, पण पुरेशी नाही.

नातीला हेडलाइट लावायला सांगण्यात आले. भिंतीवर पिवळट उजेड पडला. चालकाने एकदाच किल्ली फिरवली. उजेड काजव्याएवढा झाला आणि पुन्हा परतला. एवढ्या एका परीक्षेने शेकोटीभोवतीची निम्मी निदाने गळून पडली. डिझेल गोठल्याची गोष्टही तशीच. डिझेलमधील मेण थिजते हे खरे. म्हणूनच २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणावे लागले. चिखलदऱ्याची थंडी हाडांत शिरते, पण तिची मजल तेथवर जात नाही. शिवाय डिझेल थिजले असते तर इंजिन फिरले असते आणि पेटले नसते. येथे ते फिरतच नव्हते.

उताराचा सल्ला चालकानेच नाकारला. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा पाय दाबताच संपते आणि स्टिअरिंग जड होते. सपाट मैदानात माणसांनी ढकललेली गाडी वेगळी आणि घाटाच्या तोंडाशी सोडलेली गाडी वेगळी. “इंजिन धरले नाही तर पुढे दरी आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. सकाळपासूनचे त्याचे हे सर्वांत लांब वाक्य होते.

बोनेट उघडले गेले. बॅटरीच्या उणे टोकावर हिरवट-पांढरी भुकटी फुलली होती आणि त्यावरची पकड हाताने हलत होती. वीज येथे अडत होती, निदान काही प्रमाणात. पकड काढण्यासाठी दहा नंबरचा पाना हवा होता. तो कप्प्यात असेल म्हणून नात शोधू लागली. पाना सापडला, आणि त्याच्याखाली डिझेलच्या हिशेबाची छोटी वहीही सापडली.

पकडी सोडवताना आधी उणे टोक आणि मग अधिक टोक, आणि बसवताना आधी अधिक आणि शेवटी उणे, हा क्रम आहे. अधिक टोकाची पकड सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. सुनेने हॉटेलच्या स्वयंपाकघरातून गरम पाणी आणि खाण्याचा सोडा आणला. सोड्याचे पाणी टोकावर पडताच फेस आला. आम्ल आणि सोडा यांची ती झटापट शांत झाल्यावर चालकाने टोके पुसून कोरडी केली, घासली आणि पकडी घट्ट आवळल्या. डोळ्यांना हात लावण्याआधी त्याने साबणाने हात धुतले.

किल्ली फिरवली. इंजिनाने दीड फेरा घेतला, कण्हल्यासारखा आवाज केला, आणि पुन्हा टक्-टक् सुरू झाली. एक चूक सापडली होती. पण फरक पूर्ण निघाला नव्हता.

आवारात येणाऱ्या पर्यटकांच्या जीपची वाट पाहणे आले. मुलगा पुन्हा चालकाकडे पाहू लागला. आजोबा शेकोटीजवळच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी मुलाला जवळ बोलावले. जी गोष्ट त्यांनी त्याला सांगितली, ती घरात यापूर्वी कोणी ऐकलेली नव्हती.

चाळीस-एक वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दुकानाच्या गल्ल्यात ९०० रुपये कमी भरले. रोजमेळात शिल्लक जास्त आणि पेटीत रोकड कमी. गल्ल्याजवळ दिवसभर एक तरुण नोकर बसलेला होता. आजोबांनी त्याला चार माणसांदेखत विचारले. तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही आणि त्याचे न येणे हीच कबुली धरली गेली. आठवडाभराने जुने मुनीम गावाहून परतले. फरकाला ९ ने भाग जातो, हे पाहताच त्यांनी नोकराबद्दल काही न विचारता वही मागितली. नऊने नि:शेष भाग जाणारा फरक दिसला की आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हा जुन्या हिशेबनिसांचा ठोकताळा आहे. तसेच निघाले. एका शेतकऱ्याला दिलेले ३,२१० रुपये वहीत २,३१० असे चढले होते. अक्षर आजोबांचे होते.

“मी त्याच्या गावी गेलो,” आजोबा म्हणाले. “त्याने पाणी दिले, चहा विचारला. परत मात्र आला नाही. नऊशे रुपये सापडले. माणूस गेला तो गेलाच.”

मुलगा काही बोलला नाही. नात मघापासून ती छोटी वही चाळत होती. तिने एक पान उघडून वडिलांसमोर धरले. डिझेल, टायरची हवा, तेल बदलल्याच्या नोंदी यांच्यामध्ये, दिवाळीच्या आठवड्यातील एका तारखेपुढे लिहिले होते : ‘सेल्फ जड. बॅटरी ४ वर्षांची. बदलावी. शेठजींना सांगितले.’ तीन आठवड्यांनंतर पुन्हा : ‘बॅटरीचे पुन्हा सांगितले. पुढच्या महिन्यात म्हणाले.’

चालकाने ही वही दाखवली नव्हती. आपल्याच शेठला त्याची सही नसलेली कबुली दाखवावी, असे त्याला वाटले नसावे.

बॅटरीचे शास्त्र त्या नोंदीच्या बाजूने बोलत होते. मोटारीच्या शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य आपल्याकडे साधारण तीन ते पाच वर्षांचे असते, आणि तिचा खरा शत्रू थंडी नसून उष्णता आहे. अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नवलाचे नाही. बोनेटखाली तर त्याहून कितीतरी अधिक ताप असतो. त्या उष्णतेत आतील पाणी उडते, शिशाच्या पट्ट्या झिजतात. त्यात गाडीची रोजची धाव घरापासून दुकानापर्यंत आणि तेथून परत. एवढ्या अंतरात सेल्फने खर्च केलेली वीजही पुरती भरून निघत नाही. उन्हाळ्यात हे झिजणे दिसत नाही, कारण उबदार बॅटरी दुबळी असूनही काम भागवते. थंडीत तिची रासायनिक क्रिया मंदावते; शून्य अंशाच्या जवळपास तिची सुमारे एक तृतीयांश शक्ती हाताशी राहत नाही. त्याच वेळी इंजिनातील तेल दाट होते आणि डिझेलच्या इंजिनाला तर ठिणगी नसते. हवा जोराने दाबून निर्माण होणाऱ्या उष्णतेवरच ते पेटते, म्हणून त्याला फिरवायला बळ अधिक लागते. जमा घटते आणि खर्च वाढतो, तो हा क्षण. चार उन्हाळे अकोल्यात झालेले नुकसान चिखलदऱ्याच्या एका पहाटे उघडे पडले. आणि त्या पहाटे किल्ली ज्याच्या हाती होती, त्याच्यावर आळ आला.

साडेसातच्या सुमारास एक जीप आवारात शिरली. जीपवाल्याजवळ जंप केबल होती, म्हणजे दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या लाल आणि काळ्या जाड तारा. दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या १२ व्होल्टच्या आहेत, एवढे पाहून घेतले गेले. लाल चिमटा प्रथम बंद गाडीच्या अधिक टोकाला, मग जीपच्या अधिक टोकाला. काळा चिमटा जीपच्या उणे टोकाला, आणि शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असतो. शेवटची जोडणी करताना हमखास उडणारी ठिणगी त्याच्याजवळ पडू नये म्हणून ही खबरदारी. जीप दहा मिनिटे चालू ठेवली. मग चालकाने किल्ली फिरवली. इंजिन एकदा अडखळले आणि सुरू झाले. धुराचा एक लोट थंड हवेत उठून विरला.

तारा उलट्या क्रमाने काढल्या गेल्या. जीपची तार सुटल्यावरही इंजिन चालू राहिले, समोरच्या पट्टीवरचा बॅटरीचा लाल दिवा विझला आणि भिंतीवरचा उजेड पांढरा झाला. वीज निर्माण करणारा अल्टरनेटर काम करीत होता, म्हणजे घाट उतरण्यास हरकत नव्हती. आता परतवाड्यापर्यंत गाडी कोठेही बंद करायची नव्हती.

मुलाने जीपवाल्याला पैसे देऊ केले. त्याने चहावर समाधान मानले. नंतर चहाचा आणखी एक पेला हातात घेऊन मुलगा आपल्या गाडीपाशी गेला. चालक खिडकीतून बाहेर पाहत होता. “घ्या,” मुलगा म्हणाला. “सकाळपासून काही घेतले नाही तुम्ही. मी बोललो ते चुकीचे होते.” चालकाने पेला दोन्ही हातांनी घेतला. शेकोटीभोवतीची माणसे अजून तेथेच होती, आणि सकाळचा आळ ज्यांनी ऐकला होता त्यांनी हेही ऐकले.

आठ वाजून गेल्यावर गाडी मोथा गावावरून उतरू लागली. दरीतले धुके वर सरकत होते आणि त्याच्या खाली मैदान उजळत चालले होते. परतवाड्याला बॅटरीच्या दुकानाचे शटर नुकतेच वर गेले होते. दुकानदाराने जुन्या बॅटरीला मीटर लावला; पूर्ण भरलेल्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. एवढा घाट उतरून आल्यावरही येथे काटा त्याच्या बराच खाली थांबला, आणि सेल्फचा भार पडताच आणखी कोसळला. नवी बॅटरी बसली. जुनी दुकानातच राहिली. तिच्यातील शिसे पुन्हा वापरात येते, म्हणून तिचे पैसे बिलातून वजा झाले.

मुलाने चालकाकडून ती छोटी वही मागून घेतली. दिवाळीच्या नोंदीसमोर त्या दिवसाची तारीख घालून लिहिले : ‘बॅटरी बदलली. विलंब माझ्याकडून.’ आणि खाली सही केली. आजोबांनी ते वाचले, चष्मा काढून ठेवला आणि गाडी पुढे नेण्याची खूण केली.

बडनेऱ्याला आगगाडी यायला अजून वेळ होता. नात सामान घेऊन फलाटाकडे गेली, बाकीची मंडळी तिच्यामागून चालू लागली. स्थानकाबाहेरच्या झाडाखाली चालकाने गाडी बंद केली. सगळे दिसेनासे झाल्यावर त्याने एकदा पुन्हा किल्ली फिरवून पाहिली. इंजिन पहिल्याच फेऱ्यात सुरू झाले.